जी शून्य नऊ

विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर माझं टेबल.
जगभरच्या लोकांना सुचलेलं काहीबाही
रोज सकाळी रांगेत उभं असतं
आणि मी त्याला खण देते.
एवढंच काम.
कल्पना बरी की वाईट, ते वरच्या मजल्यावर ठरतं.

जी म्हणजे पदार्थविज्ञान.
शून्य नऊ म्हणजे शिकवणं आणि दाखवणं.
त्यात बी शिकवण्याचं: नकाशे, पृथ्वीचे गोल,
आंधळ्यांसाठी उठावाची अक्षरं.
एफ म्हणजे पाट्या, लेबलं, झेंडे, पाकिटावरची मोहोरसुद्धा.
सी म्हणजे गुप्तलिपी.
कुणाला कळू नये म्हणून लिहिलेलं
याच घरात का नांदतं,
चार वर्षं झाली, मला उमगलेलं नाही.
आणि डी. गाड्यांची वेळापत्रकं, न संपणारी कॅलेंडरं.
डीकडे आता कुणी फिरकत नाही.
गेल्या वर्षी माझ्या हातून तिथे एकच नोंद पडली,
तीही चुकून.

मंगळवारी जतकडचा अर्ज आला.
होनमोरे बाई, वस्तीशाळा, दोन वर्ग एका खोलीत.
सायकलचे चार स्पोक, बाटल्यांची झाकणं, एक घंटी.
दहावं झाकण सरकलं की शेजारच्या स्पोकवर
लाल झाकण आपसूक चढतं, घंटी वाजते,
आणि पोरं ओरडतात, हातचा!
दावा क्रमांक एक:
हातचा डोळ्यांना दिसेल अशी रचना.

बी, एकोणीस, तिरकी रेघ, शून्य दोन.
मोजणी शिकवणारी साधनं. अर्ध्या मिनिटाचं काम.
पण मी चौदाही पानं वाचली.
पेटंटात हातचा राखता येत नाही ना,
सगळं सांगावं लागतं:
स्पोक कितव्या इंचावर वाकवायचा,
शेजारच्या गावच्या मास्तरला नुसतं वाचून जमलं पाहिजे.
बाईंनी झाकणं कुठल्या टपरीवरची
तेही लिहिलंय.

अब्बांनी जन्मभर एफ केलं, त्याचं नाव माहीत नसताना.
हळदीच्या अडतीचे बोर्ड, रसवंतीगृहं,
दवाखान्याच्या दारावर ‘चपला बाहेर काढाव्यात’,
त्यातल्या ‘व्या’ला असा झोक की चपला आपोआप निघाव्यात.
पुढे फ्लेक्सवाल्याकडे शुद्धलेखन तपासायला बसले,
महिना दोन हजारांवर.
दस्तगीर पेंटर म्हणून शेवटचं काम केलं
एकोणीसचं पाणी ओसरल्यावर.
गावभागातल्या एका भिंतीवर, कुणी न सांगता,
डब्यात उरलेल्या निळ्यानं
एक आडवी रेघ, वर साल.

ती कुठे टाकायची?
दाखवते, म्हणजे एफ.
पण गल्लीतली पोरं तिला पाठ लावून उंची मोजतात,
जांभळ्यांचा धाकटा परवा सांगत होता,
ताई, अजून एक वीत, मग मी पुराएवढा.
म्हणजे बी.
आणि तारीख म्हणावी तर फिरून येणारी,
दर श्रावणात लोक जाता येता तिच्याकडे बघतात,
म्हणजे तो ओस पडलेला डी.

रात्री अब्बांना विचारलं.
ते पोळीचा तुकडा मोडत होते.
म्हणाले, बरोबर नाही ती.
म्हणजे?
पाणी तिथवर नव्हतं आलं. चार बोटं खाली होतं.
मी वर काढलीय.
का?
त्यांनी ताटातली मिरची बाजूला सारली.
लोक रेघेपर्यंत थांबतात गं, म्हणाले.
सामान उचलायला वेळ नको?

आज रांगेत कोरियाचा चमकता बाण आहे, एफ तेरा.
घरून निघताना मी भिंतीपाशी थांबले होते,
रेघेखाली चार बोटं ठेवून पाहिली.
अब्बांची बोटं माझ्याहून जाड.
कुणाला सांगितलेलं नाही.